सतरा नंबरचं पाणी

परमेश्वरची सोयरीक दुसऱ्यांदा मोडली त्या सालची, म्हणजे दोन हजार तेवीसची ही गोष्ट. पहिली सोयरीक कुंभार पिंपळगावची होती. पोरीला पोरगा पसंत पडला नाही. दुसरी का मोडली ते पोरीकडच्यांनी सांगितलं नाही, आणि परमेश्वरचा मामा रायभान याच्या मते सांगायची गरजही नव्हती. चौतीस वर्षांचा टोणगा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दुसऱ्याच्या खुर्चीवर बसतो, दिवस डोक्यावर आल्यावर उठतो, आणि आईनं ताट पुढं सरकवल्याशिवाय घास घेत नाही. असल्याच्या गळ्यात पोरगी बांधायला बाप वेडा पाहिजे. रायभान हे तोंडावर बोलत नसे. तो बहुतेक गोष्टी तोंडावर बोलत नसे. सहासष्ट वर्षांत त्यानं एक सवय लावून घेतली होती : समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं, मान हलवायची आणि मनातल्या मनात त्याला एकेक पायरी खाली उतरवत न्यायचं. नगरसेवक, मास्तर, डॉक्टर, देवळातले भजनी, चहाच्या गाड्यावर राजकारण बोलणारे, सगळे त्यानं असे उतरवले होते. खाली त्याच्या मनात मोठी गर्दी झालेली होती आणि वर तो एकटाच उभा होता.

धक्का बसला तो दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी, आणि तोही एका पोरीकडून. जुन्या जालन्यातल्या पिण्याच्या विहिरींचे आणि बोअरचे नमुने गोळा करायचं काम रायभानकडे होतं. आधी तीस वर्षं तो रोजंदारीवर चावीवाला होता, गल्लोगल्ली नळाच्या चाव्या फिरवायचा. म्हातारपणी एका खाजगी संस्थेनं त्याला या कामावर ठेवलं, कारण कुठली विहीर कुणाच्या परसात आहे आणि कुठल्या घरचं कुत्रं चावतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, एक्केचाळीस ठिकाणी जायचं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, मग भरायची, चिठ्ठी चिकटवायची, बर्फाच्या डब्यात ठेवून प्रयोगशाळेत पोचवायची. पाण्यात काय काय उतरलंय ते तिथं कळे. रायभानला त्यातलं क्रोमियम तेवढं माहीत होतं. कारण ज्या विहिरीत ते निघे तिच्या कठड्यावर लाल रंगानं ‘पिण्यास अयोग्य’ लिहायचं कामही त्याचंच होतं. नाल्याच्या अंगाला कधीकाळी भांड्यांना मुलामा द्यायचं एक शेड होतं. ते बंद पडलं, पत्रे गेले, मालकाचं नावही कुणाला आठवत नव्हतं, पण जमिनीला आठवत होतं, असं प्रयोगशाळेतली नवी केमिस्ट तृप्ती मॅडम म्हणायची. सव्वीस वर्षांची, चष्म्याची, डब्यात रोज गवारीची भाजी आणणारी. तिला रायभाननं पहिल्याच आठवड्यात तीन पायऱ्या खाली नेलं होतं.

“काका, बसा,” ती म्हणाली. “सतरा नंबर आणि आपला ऑफिसचा नळ, हे दोघं सख्खे भाऊ आहेत का?”

“विहीर वेगळी, नळ वेगळा, मॅडम.”

“मलाही तसंच वाटत होतं. पण ही जडता बघा, म्हणजे पाण्यातले क्षार. सोळा नंबर सहाशे चाळीस. अठरा नंबर सातशे दहा. मधली सतरा एकशे अठ्ठावीस. आणि नळ एकशे सव्वीस. वरून सतरामधे क्लोरीन आहे. विहिरीत क्लोरीन कुठून आलं?”

“पावडर टाकली आसल.”

“पावडरनं क्लोरीन येईल. जडता कशानं जाईल?” तिनं चष्मा काढून पुसला. “मी मागचे पण काढले. तीन वर्षं, सहा नमुने. सगळे असेच. काका, ही बाटली तुम्ही स्वतः भरता ना?”

रायभाननं मान हलवली. ही मान तो साठ वर्षं हलवत आला होता, पण या वेळी ती हलवताना त्यानं टेबलावरची रिकामी बाटली उचलून हातात घेतली. सतरा नंबर ही त्याच्या थोरल्या बहिणीची, गोपिकाबाईची विहीर होती. मस्तगडाच्या उतारावर, घराच्या मागच्या अंगाला. सोळा आणि अठरा तिच्या दोन्ही बाजूंना, हाकेच्या अंतरावर, आणि दोन्हींवर दोन वर्षांपूर्वी त्यानंच लाल अक्षरं काढली होती. मधली सतरा मात्र दर वेळी स्वच्छ निघायची. त्याचं कारणही रायभाननं शोधून ठेवलं होतं. अक्काच्या विहिरीला वेगळा झरा आहे, दगडाच्या पोटातून येणारा, असं तो चहाच्या गाड्यावर चारचौघांना सांगायचा. मनात तर त्याहून पुढचं ठरवून बसला होता. ज्याचं मन जसं, तसं त्याच्या विहिरीचं पाणी. सोळा नंबरवाला साहेबराव हलकट, भावाची जागा गिळून बसलेला, त्याच्या विहिरीत विष निघणारच. अठरा नंबरची साळूबाई जिभेची तिखट, तिचंही तसंच. तीच साळूबाई गेली दोन वर्षं लाज सोडून सतरा नंबरवरून घागर भरून नेत होती, आणि ती समोर आली की रायभान घागरीकडं बघून हसल्यासारखं करायचा.

प्रयोगशाळेतून तो रिकामी बाटली घेऊन निघाला आणि पायीच चालत राहिला. रिक्षावाल्यानं हाक मारली तर त्याच्याकडं बघितलंही नाही. सहा वेळा. सहा वेळा तो अक्काच्या दारात गेला, ओसरीवर बसला, बाटली तिच्या हातात दिली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. चिठ्ठी लिहिणं हे त्याच्यासाठी लहानसहान काम नव्हतं. अक्षरओळख त्याला सदतिसाव्या वर्षी झाली. साक्षरतेचा वर्ग देवळाच्या सभामंडपात भरायचा, तेवीस जणांनी नावं घातली होती. महिन्याभरात सात उरले आणि शेवटपर्यंत एकटा रायभान. बाकीचे बावीस जण पुढं मेले किंवा अंगठा लावत राहिले, आणि दोन्हींबद्दल त्याला सारखंच वाटायचं. पाटीवर पहिल्यांदा ‘मस्तगड’ हा शब्द त्यानं न अडखळता काढला त्या दिवशी शिकवणारी बाई म्हणाली होती, रायभान, तुझं अक्षर मास्तरासारखं आहे. त्या एका वाक्यावर तो एकोणतीस वर्षं जगत होता. नमुना क्रमांक, ठिकाण, तारीख, वेळ. प्रत्येक आकड्याचं पोट गोल, प्रत्येक काना सरळ. ओसरीच्या खांबाला पाठ टेकून, गुडघ्यावर पाटीएवढा पुठ्ठा धरून तो लिहायचा तेव्हा विहीर त्याच्या पाठीमागं असायची. अक्का बाटली भरून आणायची, पदरानं पुसून त्याच्यापुढं ठेवायची. बाटलीत काय आलं हे त्यानं एकदाही वळून बघितलं नाही, कारण तो तेव्हा ‘गोपिकाबाई’मधला ‘पि’ घोटत असायचा.

चालता चालता त्याला तृप्ती मॅडमचा राग आला, मग संस्थेचा, ज्यांनी साठी उलटलेल्या माणसाला एक्केचाळीस विहिरी दिल्या, मग त्या सभामंडपातल्या बाईचा. मोंढ्यापाशी हमाल पोती उतरवत होते. अक्काचा नवरा कारभारी इथंच हमाल होता, आठ वर्षांपूर्वी पाठ मोडून घरी बसला आणि चार महिन्यांत गेला. त्याच्याबद्दलही रायभानचं मत ठरलेलं होतं : बैलाचं काम, बैलाची अक्कल. पण विहीर त्यानंच बांधून काढली होती, सुटीच्या दिवशी, एकट्यानं. आणि लग्न होऊन या घरात येण्याआधीची अक्का? रायभानला एकदम जाफराबादकडचं माळरान आठवलं. बाप निम्मी मेंढरं घेऊन पुढं गेलेला, मागं अकरा-बारा वर्षांची अक्का आणि तिच्या बोटाला हा. पाण्याचं डबकं दिसलं की ती आधी मेंढरं सोडायची, कारण मेंढरांवर घर चालायचं. मग पदर नव्हता म्हणून परकराच्या टोकानं गाळून ह्याला पाजायची. उरलेल्या राडीतून ती कधी प्यायची, प्यायची की नाही, हे त्यानं बघितलं नव्हतं. अक्काला तहान लागते हेच त्याला त्या वयात माहीत नव्हतं. आणि पुढं तरी कधी माहीत झालं? गेल्या वर्षापासून तिच्या पायांना सूज होती. डॉक्टरनं किडनी नाजूक झाल्याचं सांगितलं, तेव्हा रायभान म्हणाला होता की या वयात सगळंच नाजूक होतं, डॉक्टरांना गिऱ्हाईक लागतं.

गोपिकाबाई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. त्याला बघून ती उठायला लागली.

“बस, अक्का. चहा नको. मला एक सांग. बाटली तू कुठून भरती?”

“कंची बाटली?”

“मी आणतो ती. नमुन्याची.”

“रांजणातून,” ती म्हणाली, आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

रांजणात नळाचं पाणी असायचं. नळ नऊ-दहा दिवसांनी एकदा येई, तेव्हा ती तो रांजण घासून भरायची, तोंडाला फडकं बांधायची. विहिरीचं पाणी घरच्यांना, रांजणातलं पाहुण्याला. या भागात सगळ्याच घरी असंच होतं, रायभानच्याही घरी.

“मी हिरीचं मागितल्तं.”

“तू बाटली पुढं केली, मी भरून दिली. हिरीचं पाणी जरा मचूळ लागतं. घरच्या माणसाला चालतं. ती बाटली सरकारची. बर्फात बसून जाती, सायबाच्या टेबलावर ठिवत्यात, तूच म्हणलास. कारभाऱ्याच्या घरून मचूळ पाणी पाठवू? उद्या कुणी म्हणल, गोपिकाबाईनं दारात आलेल्याला काय दिलं.”

“अगं, ती काय पाहुणी हाये का? तिच्यातलं पाणी तपासत्यात.”

“मंग? चांगलं निघालं न्हाई का?”

रायभानला हसू आलं. मोठ्यानं नाही, पोटात कुठंतरी ते आलं आणि तिथंच कुजलं. सहा वेळा प्रयोगशाळेनं गोपिकाबाईचा रांजण तपासला आणि सहा वेळा तो पास झाला. मूर्ख बाई, असं तो मनात म्हणाला आणि तिला सवयीनं खाली उतरवायला गेला, पण ती उतरेना. तिच्याबरोबर ओसरीच्या खांबाला टेकून चिठ्ठी लिहिणारा एक माणूस खाली चालला होता. त्यानं बाटली उचलली, आयुष्यात पहिल्यांदा त्या विहिरीवर स्वतः गेला, पोहरा सोडला, बाटली तीनदा विसळली आणि भरली. उजेडात धरून बघितलं. पाणी दिसायला चांगलं होतं. तेवढ्यात साळूबाई घागर घेऊन आली आणि त्याला तिथं बघून थांबली.

“आज मामानं स्वतः कष्ट घेतले?”

“घागर ठिव, साळूबाई. आठ दिवस हितलं पाणी नेऊ नको.”

“आत्ता गं बया. वेगळा झरा आटला का?”

आठ दिवसांनी आकडा आला. क्रोमियम चालतं त्याच्या चौपट. तृप्ती मॅडमनं कागद त्याच्यापुढं ठेवला आणि त्याच्या तोंडाकडं न बघता खिडकीकडं बघत राहिली. या सौजन्याचाही त्याला संताप आला. तिनं ओरडायला हवं होतं. “काका, घरात कुणी आजारी आहे का?” तिनं विचारलं. तो म्हणाला, न्हाई. त्याच दिवशी त्यानं लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेतला आणि सतरा नंबरच्या कठड्यावर अक्षरं काढली. ‘अयोग्य’मधल्या जोडाक्षराशी तो नेहमीसारखा थबकला, ते नीट बसलं का बघायला, आणि त्या थबकण्याची त्याला किळस आली.

“काय लिहून राह्यला?” गोपिकाबाईनं विचारलं.

“हे पाणी पिऊ नका म्हणून.”

“कुणाला सांगतो? मला वाचता येत न्हाई.”

“म्हणून तोंडानं सांगून राह्यलो. पिऊ नको. पायाची सूज ह्याच्यानंच हाये.”

“कारभाऱ्यानं बांधलेली हीर हाये,” ती म्हणाली. “रायभाना, पोराचं जमून राह्यलं. जाफराबादकडचं स्थळ हाये, संक्रांतीनंतर बघायला येणार. हे तांबडं दिसलं तर कोण देतं पोरगी? ह्यांचं पाणीच नासलंय म्हणत्याल.”

परमेश्वर दुकानातून आला, त्यानं कठड्याकडं बघितलं आणि मोबाइल खिशात ठेवला. “मामा, थोडं थांबायचं ना. बिलकुल रस्त्यावरून दिसून राह्यलंय.” दुसऱ्या दिवसापासून त्यानं पाण्याचा विकतचा जार लावला. वीस लिटरचा, निळा. गोपिकाबाईनं तो रांजणाशेजारी ठेवला आणि तोही पाहुण्यांच्या बाजूला गेला. साळूबाईनं सतरा नंबरकडं येणं बंद केलं. रस्त्यात भेटली तेव्हा ती रायभानपाशी थांबली आणि म्हणाली, “दोन वर्षं आमचं तोंड बघून हसला न्हाई का तुम्ही? हसा आता.” ती बाजूला थुंकली आणि गेली. रायभानला वाटलं, आजवर भेटलेल्या माणसांत हीच एक सरळ आहे, आणि हे वाटणं त्यानं ताबडतोब पुसून टाकलं.

जाफराबादचे पाहुणे फेब्रुवारीत आले, सात जण, एका जीपमधून. पोरीचं नाव रेणू. रायभान सकाळीच गेला होता. मागच्या अंगणात पाय टाकला आणि त्याला दिसलं : विहिरीच्या कठड्यावर जाड वाकळ वाळत घातली होती, बरोबर अक्षरांवर. ऊन त्या बाजूला नव्हतंच. त्यानं अक्काकडं बघितलं. ती पोह्यांना फोडणी देत होती, तिनं वर बघितलं नाही. पाहुण्यांना रांजणातलं पाणी तांब्याभांड्यातून दिलं गेलं. त्यात खोटं काही नाही, असं रायभाननं स्वतःला सांगितलं, पाहुणे चांगलंच पाणी पिऊन राहिलेत. पोरीचा बाप रामप्रसाद, पांढरं धोतर, कानात बाळी, मेंढरांतून शेतीत आलेला, म्हणजे रायभानच्याच मुळाचा माणूस. त्याला पाण्याची पारख होती. तो उठून मागच्या अंगणात गेला, विहिरीत वाकून बघितलं, वाकळेवर हात टेकला.

“हीर चांगली बांधलीय,” तो म्हणाला. “मामा पाण्याच्या खात्यात हायेत म्हणे. मामा, पोरगी हितं जल्मभर पाणी वढणार. कसं काय हाये पाणी?”

अंगणात सगळे होते. परमेश्वर इस्त्रीच्या शर्टात, तोंड उघडं टाकून. अक्का दारात, हातात कढई, पायांवर सूज चढलेली. रायभानला त्या क्षणी अंगणातल्या एकूणएक माणसाचा वीट आला. ह्या घोड्याचा, ह्या म्हातारीचा, बाळी घातलेल्या ह्या शहाण्याचा, ज्याला नेमकं काय विचारायचं असतं ते माहीत होतं. खरं सांगावं इतकी त्यांची लायकी नाही, असं त्याला वाटलं. पुढं कितीतरी दिवस तो हे वाटणं उलटंपालटं करून बघत राहिला आणि दर वेळी त्याच्याखाली त्याला एक लहानसं, ओलं भेकड सापडलं, जे फक्त एवढंच म्हणत होतं की सहा बाटल्यांचं ह्या लोकांना कळता कामा नये.

“बराबर हाये,” तो म्हणाला. “घरच्या मान्सांनी इतके दिवस पिऊन बघितलंय.”

रामप्रसाद हसला, सगळे हसले, आणि लग्न ठरल्याची यादी झाली. लग्न मार्च महिन्यात लागलं. वाकळ नंतर काढली गेली, पण तोवर परमेश्वरनं कठड्याला चुना फासला होता. तो चुना रायभाननं बघितला आणि नव्यानं रंग आणला नाही. जूनमधे नमुन्यांची फेरी आली तेव्हा तो अक्काकडं गेला. रेणू स्वयंपाकघरात होती, तिच्याजवळ निळा जार. गोपिकाबाई विहिरीतून पोहरा वर घेत होती. तिनं ओंजळीनं तिथंच उभ्या उभ्या पाणी पिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

“अक्का. हे काय करून राह्यली?”

“हळू बोल. पोरगी आत हाये.”

“जार हाये, रांजण हाये.”

“ते तिला. नवी हाये, पोटुशी हाये. मी तिला म्हणलं, नव्या सुनेला वर्षभर नळाचंच द्यायची आमची रीत हाये.” असली रीत कुठंच नव्हती, तिनं ती बसून तयार केली होती. “तिनं इचारलं, मंग तुम्ही का हिरीचं पेता? काय सांगू? तिच्या बापाला तू शब्द दिला, बराबर हाये म्हणून. घरचे पिऊन बघत्यात म्हणलास. आता मीच पिले न्हाई तर तिला काय वाटल? मामा खोटं बोलला म्हणल. तू हितला शिकलेला माणूस.”

“म्हणू दे.”

“म्हणू दे कसं?” ती म्हणाली. तिला राग आला होता. तिच्या पायांवर बोट टेकलं तर खड्डा राहत होता, डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या, आणि ती त्याच्या अब्रूसाठी त्याच्यावरच चिडली होती. “सोळा गावचं पाणी मेंढरामागं पिलंय मी. मला काय होतंय.”

आत रेणू भांडी घासत होती. सात पावलं. दारात जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. रायभाननं ते जुळवलं, लिहून काढावं तसं, शब्दाला शब्द, आणि शेवटच्या शब्दापर्यंत ते नीट होतं. मग रेणू बाहेर आली, डोक्यावर पदर घेऊन, ‘मामा, चहा टाकू का’ म्हणाली, आणि तो म्हणाला, टाक. बाटली त्यानं त्या दिवशी स्वतः भरली, चिठ्ठी लिहिली आणि ती चिठ्ठी लिहिताना पहिल्यांदा त्याला आपलं अक्षर जसं होतं तसं दिसलं : कुणीतरी हात धरून गिरवून घेतल्यासारखं, लेकराचं. चहा पिऊन तो निघाला. आकडा आला, पाचपट होता. तो कागद तृप्ती मॅडमनं विहिरीचा मालक म्हणून परमेश्वरला बोलावून त्याच्या हातात दिला, रायभानच्या नाही, आणि परमेश्वरनं तो दुकानाच्या खणात ठेवला. ऑगस्टमधे अक्काला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरनं विचारलं, पाणी कुठलं पितात? रेणू शेजारी उभी होती. गोपिकाबाई म्हणाली, नळाचं. डॉक्टरनं रायभानकडं बघितलं, आणि रायभाननं मान हलवली.

गोपिकाबाई १९ सप्टेंबर २०२४ रोजी, गुरुवारी, सकाळी साडेनऊ वाजता जालन्याच्या दवाखान्यात वारली. वय अंदाजे बहात्तर. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या.